दुसऱ्या रकान्यातलं नाव

ओपुआ, ९ फेब्रुवारी २०१९

प्रिय हेक्टर,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे शेगडीत टाकलं नसशील असं धरून लिहिते. साडेआठ वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस आणि मीही तुला लिहिली नाही. आई म्हणायचीच, या घरात दोन खांब आहेत, एक मोइरा आणि एक हेक्टर, आणि खांब काही चालत एकमेकांकडे जात नाहीत. म्हटलं, मोठी बहीण आपण आहोत, जरा हलून बघावं.

बातमी अशी, की मे महिन्यात मी आणि माझा नवरा टिपेने शिडाच्या नावेतून टोंगाला निघतोय. हस हवं तर. मी चौसष्ट वर्षांची. टिपेने एकतीस वर्षं ओपुआ ते ओकियाटो गाड्यांची फेरीबोट चालवत होता, जायला दहा मिनिटं, यायला दहा मिनिटं. निवृत्त झाला त्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "बये, आता मला असं कुठंतरी जायचंय जिथून लगेच परत यावं लागत नाही." आणि त्यानं 'कुआका' घेतली. छत्तीस फुटी, माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आणि माझ्याइतकीच कुरकुरणारी. आमच्या लग्नाआधी, मी अजून तिकडे दक्षिणेत होते तेव्हा, तू त्याला एकदाच भेटलास आणि म्हणालास, हा माणूस फार हसतो. अजून हसतो.

आता कामाचं. देशाबाहेर निघणाऱ्या नावेची तपासणी झाल्याशिवाय इथून तिला कोणी सोडत नाही, तुला माहीतच आहे. आमच्या तपासनीस ग्वेन प्रिस्क बाई. नावेवर पाय ठेवला आणि पहिलं वाक्य, "अडचणीत हाक कशी मारणार ते आधी दाखवा. शिडं नंतर बघू." आमच्याकडे दाखवायला होतं काय? जुना लांब पल्ल्याचा रेडिओ, आणि आधीच्या मालकाचा बीकन, संकटात उपग्रहाला हाक मारणारं ते यंत्र, ज्याची बॅटरी २०१३ सालीच मेली होती. बाईंनी तो दोन बोटांत उंदराच्या शेपटीसारखा धरला आणि म्हणाल्या, "हा दाराला अडसर म्हणून चांगला आहे."

मग आम्ही फांगारेईच्या एका दुकानात गेलो. तिथला विक्रेता म्हणाला, रेडिओ आता म्हाताऱ्यांचा, तो काढून टाका, उपग्रह फोन घ्या, त्याच्या जोडीला हे घ्या, ते घ्या. टिपेनेला विचारशील तर अख्खं दुकान उचलून आणेल. मला एकही गोष्ट कळेना. म्हणून सोबत यादी जोडते आहे. काय ठेवू आणि काय खोडू, एवढंच सांग. या विषयात तुझ्याइतकं कळणारा माणूस मला ठाऊक नाही. ते तुला कसं कळलं तेही ठाऊक आहे, म्हणून विचारायला जड जातंय.

त्या दिवसाबद्दल पुन्हा उगाळायला नको. मला जेवढं माहीत होतं तेवढं मी त्यांना सांगितलं होतं.

तुझी,
मोइरा


ओपुआ, ६ मार्च

हेक,

यादी मिळाली. माझीच यादी, माझ्याच कागदावर. 'प्रिय' नाही, 'तुझा' नाही, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नावसुद्धा नाही. पण पेन्सिल तुझी! इतकी दाबून लिहिलीस की दोन ठिकाणी कागद फाटलाय. मी ती टपालपेटीपाशी उभ्या उभ्या वाचली, मग घरात येऊन बसून वाचली. टिपेनेनं विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "माझ्या भावानं मला झापलंय." तो म्हणाला, "मग चेहरा असा का, लॉटरी लागल्यासारखा?"

तुझ्या हुकमाप्रमाणे सगळं केलं. रेडिओ काढून टाकायचा का, यावर तू लिहिलंस, "ठेव. फोन एकाशी बोलतो, रेडिओ सगळ्यांशी." मी तो कागद घेऊन पुन्हा दुकानात गेले आणि विक्रेत्याला वाचायला दिला. त्यानं विचारलं, "कोण आहेत हे?" मी म्हटलं, ब्लफला मासे पकडतात. मग त्यानं पुढं काही विकायचा प्रयत्न केला नाही.

नवा बीकन घेतला, स्वतःचा ठावठिकाणा स्वतः सांगणारा. तू त्याखाली दोन रेघा मारल्यास. दोन का मारल्यास ते मी विचारत नाही. तो भिंतीला न लावता पळायच्या पिशवीत ठेवलाय, नाव सोडताना हातात येईल असा. दोघांच्या जॅकेटांत एकेक छोटा बीकन. हातातले रेडिओ दोन. उपग्रह फोन खोडलास आणि त्याजागी ते निरोपाचं छोटं यंत्र घे म्हणालास, तळहाताएवढं, त्यातून जमिनीवरच्या माणसाला चार शब्द पाठवता येतात आणि त्याचे चार शब्द परत येतात. "बुडताना भाषण करायचं नसतं," असं पुढं लिहिलंयस. हे खास माझ्यासाठी होतं, कळलं मला.

आणि शेवटी, "बीकनची चाचणी करताना चाचणीचंच बटण दाब. दुसरं नाही. तुला सांगितलेलं बरं." हे वाचून मला इतका राग आला, हेक, की दिवसभर गाणं म्हणत होते.

मोइरा


ओपुआ, २४ मार्च

हेक,

पेन्सिलीनं मला धीर आला म्हणून हे लिहिते. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं होतं, हे अर्धंच खरं आहे.

काल रात्रीच्या जेवणाआधी बीकनच्या नोंदणीचा फॉर्म भरायला बसले. नावेचं नाव, रंग, माणसं किती. मग खाली दोन रकाने. बीकन वाजला तर किनाऱ्यावर कोणाला फोन लावायचा, अशा दोन माणसांची नावं. पहिल्यात टिपेनेची भाची मेरेआना, केरीकेरीला नर्स आहे, तिचं नाव लिहिलं. दुसऱ्यापाशी पेन थांबलं. कारण तुझ्या बीकनच्या फॉर्मवर त्या जागी मी होते.

त्या दिवसाच्या आदल्या वर्षी तू शेडमध्ये नाव धूत होतास, पाणी लागून बीकन वाजायला लागला, आणि बचाव केंद्राचा फोन मला आला. मी काय नाही केलं? पोलिसांना सांगितलं, पाद्र्यांना उठवलं, शेवटी तुझ्या शेडसमोर अग्निशमन बंब उभा राहिला आणि तू हातात पाण्याची नळी घेऊन बाहेर आलास. लांडगा आला रे आला! सहा महिने अख्खं ब्लफ मला हसलं. पबमध्ये मी शिरले की तू ओरडायचास, "मोइरा, वाचव!" आणि सगळे ग्लास आपटायचे. मी हसायचे. मला हसू येत नव्हतं.

मग तो गुरुवार. मी इन्व्हरकार्गिलला बायकांबरोबर पत्ते खेळत होते. फोन आला. केंद्रातला माणूस म्हणाला, तुमच्या भावाचा बीकन वाजतोय, जुना आहे, जागा अजून कळत नाही, तो समुद्रावर आहे का? मी म्हटलं, नाही, या आठवड्यात तो नाव रंगवतोय, बीकन शेडमध्ये आहे. त्यानं विचारलं, "खात्री आहे?" मी म्हटलं, "शंभर टक्के."

आजवर मी सगळ्यांना सांगत आले की त्यानंतर तुझ्या घरी फोन लावला होता आणि कोणी उचलला नाही. मी लावला नव्हता, हेक. अर्धं मिनिट लागलं असतं. फोन खाली ठेवताना मी बायकांना म्हटलं, "पुन्हा शेड धुतोय मेला," आणि त्या हसल्या, आणि या वेळी त्या माझ्यावर हसत नव्हत्या. मला ते आवडलं. शिवाय हातात पानं चांगली आली होती.

हवा उघडली म्हणून रंगवायचं सोडून तू निघालास आणि मला सांगितलं नाहीस, ही ढाल मी इतकी वर्षं पुढं धरली. ते खरं आहे. पण त्यानं ते अर्धं मिनिट परत येत नाही. तुझी नाव बुडाली, आणि केंद्राला जागा कळून हेलिकॉप्टर येईपर्यंत तू नऊ तास तराफ्यात होतास. मॅग सातव्या तासाला तुझ्या कोटातच थंडीनं गेली, हे मला तू सांगितलं नाहीस, हेलिकॉप्टरच्या माणसानं सांगितलं. त्या कुत्रीला मी पिल्लू असताना बाटलीनं दूध पाजलं होतं.

मला माफ कर असं लिहिणार होते. लिहिते. मला माफ कर.

मोइरा


ओपुआ, २८ एप्रिल

हेक,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. हे खोटं आहे, रोज टपालपेटी बघते.

परवा तपासणी झाली. ग्वेनबाई चार तास नावेत होत्या. एकेक यंत्र हातात घेऊन मला डोळे मिटून चालू करायला लावलं. टिपेनेला म्हणाल्या, "तुम्ही पाण्यात पडलात. आता तुम्ही बोलायचं नाही." पाच मिनिटं तो बिचारा तोंड दाबून कोपऱ्यात बसला, आणि मी एकटीनं रेडिओवरून हाक मारायची, जागा सांगायची, पिशवी काढायची. तिसऱ्या खेपेला जमलं. मला इतका अभिमान वाटला की पाण्यात पडलेल्या माणसाला मी केक दिला.

मग त्यांनी बीकनचा फॉर्म मागितला आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

"दुसरा रकाना रिकामा का?"

"मेरेआना आहे ना. ती नर्स आहे."

"नर्स कामावर असली की फोन कपाटात. दुसरं नाव?"

मी शेजारच्या कॉलिनचं नाव सांगितलं. टिपेने म्हणाला, "त्याच्या कानाशी बंदूक उडवली तरी तो 'या, या' म्हणतो."

ग्वेनबाईंनी पेन खाली ठेवलं. "मोइरा, यंत्रं तुम्ही चांगली घेतलीत. पण ती सगळी जाऊन शेवटी एका माणसाच्या खिशात वाजणार. तुमची नाव बुडतेय असं कळलं तर हातातला चहा टाकून कोण उठेल?"

"एक जण आहे," मी म्हटलं. "पण तो माझ्याशी बोलत नाही."

"तुमच्याशी बोलावंच लागणार नाहीये त्याला. बचाव केंद्राशी बोलायचंय."

मी तुझं नाव लिहिलं, हेक. न विचारता. हेक्टर मॅककेखनी, ब्लफ, भाऊ, आणि तुझ्या घरचा तोच जुना फोन नंबर. ग्वेनबाईंनी सही केली आणि फॉर्म गेलासुद्धा. तुला नको असेल तर केंद्राला एक फोन कर, ते नाव काढून टाकतील, आणि मी कॉलिनला घेईन. मी रागावणार नाही. मला तुझ्याकडून काही हवंय असं नाही. म्हणजे हवंय. पण ते नाव त्या रकान्यात लिहिताना पेन थांबलं नाही, एवढं तुला कळावं.

मोइरा


ओपुआ, ९ मे

हेक,

तुझी चिठ्ठी काल आली. सगळी इथे उतरवून काढते, म्हणजे काय लिहिलंस ते तुझ्या लक्षात राहील.

"नंबर चुकीचा दिलास. तो २०१४ ला बंद झाला. हा घे."

खाली नंबर. बस.

मी लगेच ग्वेनबाईंना फोन केला. त्या इतक्या हसल्या की खोकला आला. "भाऊ जिंकलात आणि नंबर हरलात," म्हणाल्या. साडेआठ वर्षं मी तुला फोन केला नाही, म्हणून तो बंद झाल्याचं मला कळलं नाही. एकदा जरी केला असता तर कळलं असतं. फॉर्म दुरुस्त केला. आता दुसऱ्या रकान्यात तूच आहेस, आणि या वेळी तिथं वाजणारा फोनही तुझाच आहे.

आता व्यवस्था ऐक. रोज सकाळी सातला, तुझ्या घड्याळाच्या सातला, त्या छोट्या यंत्रावरून तुला आणि मेरेआनाला एक निरोप येईल. कुठे आहोत, बरे आहोत. तुला उत्तर द्यायची सक्ती नाही. एखाद्या दिवशी निरोप आला नाही तर घाबरू नकोस. यंत्रं रुसतात, आभाळ भरतं. पूर्ण चोवीस तास काही आलं नाही तरच केंद्राला कळव, त्याआधी नाही. टिपेनेनं आणि मी बसून हा नियम ठरवलाय आणि केंद्रालाही लिहून दिलाय. मान्य नसेल तर कळव.

उद्याची हवा चांगली आहे, निघतोय. आज धक्क्यावर टिपेनेच्या आत्येनं शिंपडायला पाणी आणलं होतं, करकिया म्हणजे त्यांची प्रार्थना म्हटली, आणि फळांचा केक दिला, पत्र्याच्या डब्यात, एवढा जड की नाव एका बाजूला कलली. मला भीती वाटते आहे का? हो. पण भीती आणि आनंद यांना एकाच बाकावर बसवलंय, आणि दोघं नीट बसलेत.

मोइरा


नुकुआलोफा, २३ मे

माझ्या हेक,

काल इथल्या, टोंगाच्या धक्क्यावरून मी तुला फोन केला, आणि आपण दोघं मिळून नऊ वाक्यं बोललो. मी मोजली. जे सांगायचं होतं ते राहिलं, म्हणून आज लिहायला बसले.

पहिले चार दिवस काय होते ते सांगूच शकत नाही. वारा पाठीमागून, पाणी निळं, आणि टिपेने दर तासाला म्हणायचा, "बघ, अजून परत फिरायची वेळ झाली नाही!" सकाळी सातला मी निरोप पाठवायचे आणि सातवर एक मिनिटानं तुझं उत्तर यायचं. "वाचलं." दुसऱ्या दिवशी, "वाचलं. वारा वाढेल." तिसऱ्या दिवशी, "वाचलं. खा." टिपेने म्हणाला, तुझा भाऊ हळूहळू बोलका होतोय.

पाचव्या दिवशी पहाटेनंतर एक लाट आत आली, झोपायची जागा, नकाशे, सगळं भिजलं. सातला मी निरोप लिहिला, पाठवायचं बटण दाबलं, आणि यंत्र ओलं होऊ नये म्हणून कोरड्या जागी ठेवलं. नावेत कोरडी जागा एकच होती, केकचा डबा. झाकण घट्ट बसवलं. हो, हेक. पत्र्याचा डबा. आकाशाशी बोलणारं यंत्र मी पत्र्याच्या डब्यात केकशेजारी ठेवलं आणि निरोप गेला असं समजून पुसायला लागले. मोठा रेडिओ बॅटरी वाचवायला बंद होता.

नऊच्या सुमाराला आम्ही पिकलेट, ती छोटी गोड धिरडी, खात होतो. हातातला रेडिओ बोलायला लागला. मागे दोन दिवसांपासून डच नवराबायकोची एक नाव आमच्या आसपास होती, योस्ट आणि आनेके. योस्टचा आवाज. "कुआका, कुआका, तुम्ही जिवंत आहात का?"

टिपेने म्हणाला, "जिवंत आहोत. नाश्ता चाललाय."

"मग कृपा करून ब्लफच्या गृहस्थांना कळवा. तिकडे कोणी नाश्ता केलेला नाही."

मोठा रेडिओ लावला, तर त्यावर अकरा नावा आम्हाला शोधत होत्या. अकरा, हेक! एक मालवाहू जहाज वाट सोडून आमच्याकडे वळायला निघालं होतं. लाजेनं माझे कान भाजले. प्रत्येकाची माफी मागितली. प्रत्येकजण म्हणाला, होतं असं. फक्त मालवाहू जहाजाच्या कप्तानानं विचारलं, केक कसला आहे.

काल इथं पोहोचल्यावर आधी बचाव केंद्राला फोन केला. म्हटलं, स्वतः माफी मागावी. तिथला अधिकारी भला होता. त्यानं समोरची नोंद वाचून दाखवली. तुझा फोन सात वाजून एक्केचाळीस मिनिटांनी आला होता. तो म्हणाला, "मी त्यांना विचारलं, चोवीस तास थांबायचं ठरलंय असं इथं लिहिलंय. ते म्हणाले, ते तिनं ठरवलं. मी विचारलं, काहीतरी बिघडलंय याची तुम्हाला खात्री आहे का? ते म्हणाले, खात्री कसली? मुळीच नाही. तुम्ही जाऊन बघा, मग होईल खात्री."

मी त्याला ते पुन्हा वाचायला लावलं. त्यानं वाचलं.

मग तुला फोन केला. तू म्हणालास, "कोण?" मी म्हटलं, "मी." तू म्हणालास, "डब्यात ठेवतात का गं?" मी म्हटलं, "नाही ठेवत." "पुन्हा ठेवू नकोस." "नाही ठेवणार." मग तू टिपेनेची चौकशी केलीस, मी तुझ्या गुडघ्याची केली, आणि तू फोन ठेवलास. मी धक्क्यावर बसून रडले आणि टिपेने शेजारी बसून हसला, त्याला दुसरं काही येत नाही.

जे राहिलं ते हे. मी खात्री आहे म्हणाले आणि तुला नऊ तास थंडीत ठेवलं. तू खात्री नाही म्हणालास आणि एक्केचाळीस मिनिटांत माझ्यासाठी अकरा नावा हलवल्यास. मला फोनवर हे म्हणता आलं नाही. माफ केलंस का, ते मी आता विचारणार नाही. विचारायची गरज वाटत नाही.

आम्ही नांगर टाकून आहोत. पाणी तव्यासारखं सपाट, किनारा हाकेच्या अंतरावर, शेजारी योस्ट आणि आनेके. इथून निरोप पाठवायचं काही कारण नाही. उद्या सातला पाठवीन.

तुझी,
मोइरा